तीनशे सहा मीटरवरचं मोहोळ

शिनोली, ता. आंबेगाव
१६ जानेवारी २०२५

हनीफ सर,

तुम्ही मला ओळखाल की नाही, माहीत नाही. राजुरीच्या शाळेत दोन हजार पाच सालच्या दहावीत होते. पुष्पा. भूमितीच्या तासाला कर्कटकानं बाक कोरला म्हणून तुम्ही जिला दिवसभर तो बाक पॉलिशपेपरनं घासायला लावला होतात, ती. लग्न होऊन शिनोलीला आले, त्याला सतरा वर्षं झाली.

मागच्या आठवड्यात माहेरी जाताना जुन्नरला उतरून ठिबकचे जॉइंटर घेतले. दुकानात गल्ल्याच्या मागं तुमचा निरोप समारंभाचा फोटो. विचारलं तर दुकानदार नौशाद तुमचाच मुलगा निघाला. तो म्हणाला, "अब्बांना फोनवर ऐकू येत नाही, कानातलं मशीन शिट्टी मारतं. पत्र लिहा, खूश होतील." म्हणून लिहिते. तशी आकृतीशिवाय ही गोष्ट फोनवर सांगताही आली नसती.

यंदा मी अर्ध्या एकरात कांद्याचं बी धरलंय. डेंगळ्यांचे दांडे वर आलेत, त्यांच्या टोकाचे पांढरे गोंडे आता उमलायला लागतील. त्या गोंड्यांवर मधमाशी फिरली तरच बी भरतं, नाहीतर नुसता भुसा. मी मधमाशी पालनाचं सात दिवसांचं शिबिर केलं आणि एक लाकडी पेटी आणली. पेटी आहे, माशी नाही. आमच्या रानात सातेरी माशी येते, पण तुरळक. कुठंतरी जवळच झाडाच्या ढोलीत तिचं मोहोळ असणार. शिबिरात सांगितलं की माशी साखरपाणी पोटभर प्याली की सरळ घरी जाते, तिच्या मागं जायचं. मी दोन दिवस धावले. वीस पावलांत माशी गायब. परवा पडले, गुडघा फुटला. आमचे मालक, हौशीराम, बांधावर बसून हसत होते.

गुडघ्याला हळद लावताना तुमचा फळा आठवला. तुम्ही दीपगृह आणि जहाज काढायचा. आम्ही दोन्ही कधी पाहिलं नव्हतं. पण दोन ठिकाणांहून कोन मोजला की तिथं न जाता अंतर कळतं, एवढं डोक्यात राहिलंय. कसं, ते विसरले. सांगाल का?

तुमची,
पुष्पा


जुन्नर
२२ जानेवारी २०२५

पुष्पा बेटा,

बाक चांगला आठवतो. तू 'पु' पुरा करून 'ष्पा'च्या पोटापर्यंत पोचली होतीस. अक्षर बरं होतं, म्हणून मला जास्त राग आला.

एक खरं सांगतो. मी चौतीस वर्षं त्रिकोणमिती शिकवली. दर वर्षी कुणीतरी हात वर करून विचारायचं, "हे कुठं लागतं, सर?" मी म्हणायचो, पुढे कळेल. पण मला स्वतःला पुढे काही कळलं नाही. भिंतीला शिडी लावतानासुद्धा मी कधी कोन काढला नाही. तुझं पत्र वाचलं आणि खुर्चीतून उठून माळ्यावरचं कोष्टकांचं पुस्तक काढलं. हसीना, माझी बायको, म्हणाली, "पडाल." पडलो नाही.

आता ऐक. बांधाच्या दोन टोकांना खुंट्या ठोक. पश्चिमेची अ, पूर्वेची ब. मधलं अंतर टेपनं मोज, दोरीनं नको, दोरी ताणली जाते. अ पाशी आगपेटीत माशी धर, साखरपाणी पाज, सोड. आधी ती दोन-तीन घिरट्या घालेल, त्या धरू नकोस. सरळ निघाली की होकायंत्रावर दिशा बघ आणि लिही, उत्तरेपासून पूर्वेकडे किती अंश. एका माशीवर विश्वास ठेवायचा नाही. दहा माशा सोड, सरासरी काढ. मग ब पाशी तेच.

दोन दिशा जिथं मिळतील तिथं मोहोळ. त्याला म म्हण. हा त्रिकोण काटकोनी नाही म्हणून तू घाबरशील, कारण दहावीला आपण फक्त काटकोनी केले. घाबरायचं नाही, लंब टाकायचा. ब पासून अम या रेघेवर लंब टाकलास की एका अडेल त्रिकोणाचे दोन शहाणे त्रिकोण होतात. पहिल्यातून लंबाची लांबी काढ, दुसऱ्यातून बम. खाली आकृती काढलीय. रेघ थोडी थरथरली आहे, समजून घे.

उत्तर कळव. मी वाट बघतो.

महंमद हनीफ


शिनोली
२ फेब्रुवारी २०२५

सर,

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. उडताना माशी नीट दिसावी म्हणून प्रत्येकीला गव्हाच्या पिठाचं बोट लावलं. मालक आधी लांबून बघत होते. तिसऱ्या माशीला उठून आले आणि म्हणाले, "सरक, तुला अंश वाचता येत न्हाईत." त्यांच्याच मोबाइलमध्ये होकायंत्र आहे. मग ते वाचणार, मी लिहिणार. दोन सकाळी आम्ही हेच केलं. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून विचारत होती, "माशीला कुटं पाठवताय, राव?"

अ ते ब टेपनं १२० मीटर. ब बरोबर पूर्वेला. अ पासून माशांची सरासरी दिशा ३८ अंश, ब पासून २०. म्हणजे त्रिकोणात अ चा कोन ५२, ब चा ११०, आणि म चा उरला १८. लंब काढला, १२० गुणिले साइन ५२, साडेचौऱ्याण्णव मीटर. त्याला साइन १८ नं भागलं. ब पासून मोहोळ ३०६ मीटर. अ पासून ३६५.

उत्तर आलं तेव्हा मी एकटीच होते आणि मोठ्यानं हसले.

पण सर, काहीतरी चुकलं असणार. कागदावर जागा काढली तर मोहोळ भलत्याच ठिकाणी येतंय. तिथं काही नसणार. राहू द्या आता. तुम्ही एवढं सांगितलंत, माझा वेळ चांगला गेला. गोंडे निम्मे उमललेत. ज्या थोड्या माशा येतात त्यांच्यावर जे बी भरेल ते भरेल.

पुष्पा


जुन्नर
८ फेब्रुवारी २०२५

पुष्पा बेटा,

अक्षर वेगळं दिसेल. मी सांगतोय, हसीना लिहितेय. डोळ्याची किरकोळ तक्रार आहे.

तुझं गणित मी तोंडी तपासलं. दोनदा. कुठंही चूक नाही. म्हणजे चूक असलीच तर मोजणीत आहे आणि ती सापडते. मोबाइलचं होकायंत्र लोखंडाजवळ बहकतं. ब ची खुंटी पंपाच्या पेटीजवळ आहे का? विजेचा खांब? हौशीरामच्या हातात कडं आहे का? असेल तर काढायला सांग.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. म चा कोन फक्त अठरा अंश. दोन रेघा अशा अरुंद कोनात मिळाल्या की छेदनाचा बिंदू सैल होतो. तुझी ब ची दिशा एका अंशानं जरी चुकली तरी मोहोळ सतरा मीटर पुढंमागं सरकतं. उपाय सोपा आहे, पाया लांब घे. दोनशे मीटर मिळेल का? मग म चा कोन रुंद होईल.

अर्ध्यावर सोडू नकोस. शाळेत तू सोडायची नाहीस.

महंमद हनीफ

मागच्या बाजूला—

बेटा, हे मी हसीना माझ्या मनानं लिहिते. त्यांना या पंधरवड्यात वाचणंही जमेनासं झालंय, त्यामुळे कळणार नाही. किरकोळ वगैरे काही नाही, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. एका डोळ्याचं ऑपरेशन चोवीस तारखेला, सोमवारी. दोन वर्षं टाळलं. घाबरतात, कबूल करत नाहीत. पण तुझी पत्रं आल्यापासून तोंडानं गुणाकार करत घरभर फिरतात, जेवायला दोनदा बोलवावं लागत नाही. मला बरं वाटतं.

आता तुझं सांग. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, मग एकटी बसून परत वाचलं. ते होकायंत्राचं कडं नि खांब शोधत बसलेत. मी गणितात नापास झालेली बाई. पण 'भलत्याच ठिकाणी' म्हणजे कुठं, ते तू लिहिलं नाहीस. तिथं काही नसणार म्हणतेस, पण बघायला गेली नाहीस. तीनशे मीटर म्हणजे केवढंसं. आमच्या घरापासून मशीद त्याहून लांब आहे. तिथं कोण राहतं, बेटा?


शिनोली
१५ फेब्रुवारी २०२५

हसीना चाची,

तुमचं मागच्या बाजूचं वाचून मी चुलीपाशी बसून राहिले, भाकरी करपली.

आधी गणित सांगते, सरांना वाचून दाखवा. पाटाच्या कडेनं अ पासून पूर्वेला दोनशे मीटरचा पाया मिळाला. नवी खुंटी क, खांबापासून लांब. मालकांनी कडं काढून खिशात ठेवलं. क पासून माशांची दिशा ५ अंश आली. म चा कोन या वेळी तेहतीस. अ पासून अंतर निघालं ३६६ मीटर. आधी ३६५ होतं. एका मीटरचा फरक. होकायंत्र बहकलेलं नाही. मी पहिल्या दिवसापासून जाणत होते.

ती जागा ओढ्यापलीकडं आहे, माझ्या थोरल्या दिरांच्या रानात. दादाभाऊ त्यांचं नाव, जाऊबाईंचं सरुबाई. सहा वर्षं आमचं बोलणं नाही.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. सासरे गेल्यावर मालक म्हणाले, विकू आणि बागायत करू. भाऊजी म्हणाले, मेंढरं विकायची नाहीत. दोघांचं ते भांडण एवढं मोठं नव्हतं. चार दिवसांनी निवळलं असतं. ते मोठं मी केलं. भावकी बसली होती, बारा-पंधरा माणसं. भाऊजी एकेक बोट दुमडून मेंढरांचं काहीतरी समजावून सांगत होते, आणि मी मध्येच बोलले, "मेंढरामागं फिरणाऱ्याला हिशोब काय कळणार? मी दहावीला गणितात ब्याऐंशी मार्क घेतलेत." सगळी माणसं हसली. भाऊजींनी दुमडलेलं बोट तसंच धरलं होतं. मग उठून गेले. अर्धी मेंढरं त्यांनी ठेवली, अर्धी आम्ही विकली, आणि ओढा ओलांडणं थांबलं.

चाची, ते ब्याऐंशी मार्क सरांनी शिकवलेले. हे त्यांना वाचून दाखवायचं की नाही, तुम्ही ठरवा.

आणखी एक. काल कळलं की भाऊजींच्या रानातली जुनी चिंच तोडायला दिलीय. व्यापारी बुंध्याला चुन्याची पट्टी मारून गेला. त्या बाजूला तेवढं एकच मोठं झाड. मोहोळ त्यात असेल किंवा नसेलही. आमच्या बांधावरून नीट कळत नाही, मध्ये ओढ्याची झाडी आहे. असेल तर आठवड्याभरात माशा जातील, आणि माझे गोंडे ऐन भरात आहेत.

सरांना घाबरू नका म्हणावं. माझ्या आईचं झालंय, वीस मिनिटं लागतात.

पुष्पा


जुन्नर
१९ फेब्रुवारी २०२५

पुष्पा,

हसीनानं सगळं वाचून दाखवलं. मागच्या बाजूला काय लिहिलं होतं, तेही कबूल केलं. मी रागावणार होतो, पण तिचं बरोबर निघालं.

मी होकायंत्रात चूक शोधत बसलो. शाळेतही माझं असंच व्हायचं. एखादी मुलगी तोंड पाडून बसली की मला वाटायचं उदाहरण अडलंय, आणि मी तिला आणखी एक उदाहरण सोडवून दाखवायचो.

त्या ब्याऐंशी मार्कांबद्दल मला वाईट वाटलं. तुझ्यावर रागावलो नाही. पण माझ्या विषयानं कुणाचं बोट असं हवेत राहिलं, हे ऐकून रात्रीचं जेवण गेलं नाही. तू जा. कागद घेऊन जा. मात्र उत्तर सांगायला जाऊ नकोस, विचारायला जा.

महंमद हनीफ

बेटा, सोमवारच्या आधी जा. म्हणजे यांना ऑपरेशनला जाताना चांगलं काहीतरी ऐकवता येईल. — हसीना


शिनोली
२३ फेब्रुवारी २०२५

सर, चाची,

हे पत्र सोमवारच्या आत पोचणार नाही, म्हणून नौशादच्या फोनवर दोनच शब्द कळवले, 'भाऊजी बोलले.' बाकीचं इथं.

काल सकाळी मालक दूध घालायला डेअरीवर गेले तशी मी निघाले. त्यांना सांगितलं नाही. पदर घेतला, आकृतीचा कागद घेतला, टेप घेतली. ओढ्यात पाणी घोट्याएवढं. पलीकडं गेले तर भाऊजी अंगणात मेंढी आडवी पाडून तिचं खूर तासत होते. जाऊबाई दारात. त्यांनी मला पाहिलं आणि हातातलं सूप तसंच धरून उभ्या राहिल्या.

मी म्हणाले, "भाऊजी, एक इचारायचं व्हतं."

त्यांनी मान वर केली नाही. खूर तासत राहिले. एक झालं, दुसरं झालं. मी उभी. चारही खुरं झाल्यावर मेंढी सोडली, विळा पुसला आणि म्हणाले, "इचार की."

मी कागद पुढं केला. त्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा केला. "ही रेघ कशाची?"

"ही माशी आमच्या बांधावरनं उडाली ती. ही दुसऱ्या टोकावरनं. दोनी रेघा तुमच्या रानात मिळत्यात. तिथं सातेरीचं मोहोळ आसंल असं गणितानं येतंय. पर मला नक्की ठावं न्हाई. म्हनून तुमाला इचारायला आले."

जाऊबाई पुढं आल्या आणि कागदात डोकावल्या. भाऊजींनी रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "चल, दाव कुठं येतंय."

टेप पन्नास मीटरची. मी एक टोक धरून पुढं जायची, ते दुसरं धरून मागून. आमच्या बांधापासून ओढ्यापर्यंतचं अंतर मी आधीच मोजलं होतं, उरलेलं ओढ्याच्या काठावरून मोजत मोजत गेलो. गणिताची जागा आली ती मोकळ्या नांगरटीत. ढेकळं आणि एक रिकामं पोतं. मी तिथं उभी राहिले आणि रडायलाच यायचं बाकी होतं.

भाऊजी म्हणाले, "हितं हाय व्हय मोहोळ?"

आणि हसले. सर, सहा वर्षांनी त्यांचं हसणं ऐकलं. मोठं, पोट हलवून. "आगं, एवढं लिवत बसलीस! मला इचारायचं व्हतंस. ल्हान असल्यापासनं ठावं हाय मला." मला घेऊन ते चिंचेकडं गेले. बुंध्याला चुन्याची पट्टी तशीच होती. त्यांनी खोडाला कान लावला आणि मला म्हणाले, "लाव." मी कान लावला. आत गिरणी चालल्यासारखा आवाज. वर हाताच्या उंचीवर एक फट होती, तिच्यातून माशा आत-बाहेर करत होत्या. त्यातल्या एकीच्या पाठीवर पीठ होतं.

मी तिथंच बोलले. ठरवून गेले नव्हते, तोंडातून निघालं. "भाऊजी, मी त्या दिशी भावकीत बोलले ते..."

"ऱ्हाऊ दे."

"न्हाई, बोलू द्या. माझी चूक व्हती. लई वंगाळ बोलले मी."

ते फटीकडं वळले. मग म्हणाले, "मला हिशोब येत न्हाई, ते खरंच हाय. पर तू सगळ्यांम्होरं बोललीस, ते लागलं." एवढंच. मी मान खाली घातली. मग त्यांनीच विचारलं, "किती चुकलं तुजं गणित? मोज की."

भाऊजींनी टेपाचं टोक चिंचेला लावलं, दुसरं घेऊन मी नांगरटीतल्या जागेकडं निघाले. जाऊबाई घरी गेल्या होत्या, चहा ठेवायला. तेवढ्यात मला ओढ्यापलीकडं मालक दिसले. डेअरीवरून आले, मी घरात नाही, म्हणून शोधत आले असणार. बांधावर उभे, ना पुढं येतात ना मागं जातात. भाऊजींनीही पाहिलं. मला वाटलं, झालं.

भाऊजींनी हाक मारली, "ए हौश्या! तिथं काय उभा ऱ्हायलास देवळापुढच्या खांबावानी? टेपाचं टोक धर हिकडं यून!"

मालक आले. चपला हातात, पँट भिजलेली. टोक धरलं. एकोणीस मीटर.

एकमेकांना अजून ते काही बोलले नाहीत, फक्त "ताण" आणि "सोड." पण चहा तिघांनी एकाच ओसरीवर घेतला. चिंच राहणार आहे. भाऊजींनी व्यापाऱ्याला फोन करून सांगितलं की झाड पोकळ आहे. जाऊबाई म्हणाल्या, "ते काय आता पोकळ झालं? इकताना ठावं न्हवतं व्हय?" भाऊजी म्हणाले, "इकताना कुनी इचारलं न्हवतं."

पेटीत मोहोळ भरायचं म्हटलं तर ते नको म्हणाले. ऐन फुलोऱ्यात राणीला हलवायचं नाही. मोहोळ फुटायच्या दिवसांत पेटी चिंचेच्या दोन फांद्यांमधल्या दुबेळक्यात बांधायची, आत जुन्या पोळ्याचं मेण चोळायचं, नवी टोळी आपण होऊन येते. हे शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं.

सर, एकोणीस मीटरची चूक कशी झाली असेल?

तुमची,
पुष्पा


जुन्नर
१२ एप्रिल २०२५

पुष्पा,

हे माझं स्वतःचं अक्षर. एक डोळा आता लख्ख आहे. ऑपरेशनला जाताना हसीनानं कानाशी ओरडून सांगितलं, "भाऊजी बोलले!" डॉक्टरांना वाटलं, घरात काहीतरी झालं.

गेल्या मंगळवारी आम्ही दोघं तुमच्याकडं आलो, त्या दिवसाबद्दल लिहायचं राहिलं होतं. हसीना एसटीत बसल्यापासून सरुबाईंच्या हातच्या ठेच्याबद्दल बोलतेय, तिला कृती पाठव. तुझं बी पाहिलं. काळं, टपोरं. मूठभर हातात घेतलं तर बोटांतून पाण्यासारखं गळालं. आणि चिंचेत बांधलेली पेटी पाहिली, खालच्या फळीवर माशांची ये-जा. जवळ जायला मी घाबरलो, हे सरुबाईंनी पाहिलं, कुणाला सांगितलं नाही. त्यांचे आभार.

एकोणीस मीटरचं विचारलं होतंस. माशी झाडांच्या शेंड्यावरून वळसा घालते, वारा तिला थोडं ढकलतो, तुमच्या दहा माशांतली एखादी आळशी असेल. तीनशेपासष्टावर एकोणीस, मी याला पैकीच्या पैकी दिले असते.

पण मला दादाभाऊंबद्दल सांगायचंय. तुम्ही आत स्वयंपाकात होता, आम्ही दोघं बांधावर बसलो होतो. मी त्यांना विचारलं, "पलीकडच्या टेकडीवर मेंढरं चरताना दिसली तर ती किती लांब आहेत, कसं ओळखता?" ते म्हणाले, "सोपं हाय. हात लांब करायचा, अंगठा उभा धरायचा. एक डोळा झाकून अंगठा मेंढीवर धरायचा. मग तो डोळा उघडायचा आन दुसरा झाकायचा. अंगठा उडी मारतो. उडी किती मेंढरांची पडली ते बघायचं. त्याच्या धापट लांब." दहापट! मी विचारलं, दहाच का? म्हणाले, "बा नं सांगितलं, धाच."

घरी येऊन मी मोजलं. माझ्या दोन बुबुळांतलं अंतर साडेसहा सेंटिमीटर. डोळ्यापासून अंगठा पासष्ट. बरोबर दहापट. दोन डोळे म्हणजे पाया, अंगठा म्हणजे शिरोबिंदू. आपण खुंट्या ठोकून केलं तेच हा माणूस उभ्या उभ्या करतो. चौतीस वर्षं मी फळ्यावर जहाज काढलं, पुष्पा. मेंढी काढायला हवी होती.

आता रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन मी अंगठा धरतो. समोरच्या मिनारावर, शिवनेरीच्या बुरुजावर, आमच्या नातवाच्या, जुबेरच्या पतंगावर. गल्लीतली पोरं म्हणतात, सर कुणाला तरी सारखा थम्स-अप करतात.

दादाभाऊंना विचार, मेंढरू नसेल, नुसता डोंगर असेल, तर उडी कशानं मोजतात?

महंमद हनीफ


शिनोली
४ मे २०२५

सर,

भाऊजींना विचारलं. म्हणाले, "डोंगर हाय तिथंच ऱ्हातोय, त्याला मोजून काय करायचं? मेंढरू हालतं." यावर तुमचं काय म्हणणं, ते कळवा. मला बरोबर वाटतंय.

चाचींना ठेच्याची कृती जाऊबाई स्वतः सांगणार आहेत, त्यांना लिहिता येत नाही म्हणून मी सोबत वेगळ्या कागदावर लिहिलीय. "तेल जास्त नको" हे त्यांनी तीनदा सांगितलं, म्हणून तीनदा लिहिलं.

बी विकलं नाही अजून. थोडं आपल्यासाठी ठेवणार आहे, थोडं भाऊजींना देणार. पुढच्या वर्षी ओढ्यापलीकडंही गोंडे धरायचे आहेत. म्हणजे अजून एक पेटी लागेल, आणि ती कुठं ठेवायची यावर आज सकाळी चर्चा झाली.

मी इथं ओट्यावर बसून पत्र लिहितेय आणि ते दोघं बांधावर आहेत. मालक म्हणतात पेटी पाटाजवळ ठेवू, पाणी जवळ. भाऊजी म्हणतात तिथं फवारा उडतो, माशा मरतील, ओढ्याजवळ ठेव. मालक म्हणतात ओढ्याला पूर येतो. भाऊजी म्हणतात, "पूर तुज्या डोस्क्यात येतो!" मालक म्हणाले, "मला शिकवू नका, मी होकायंत्र वाचलंय!" तास झाला. आवाज रस्त्यापर्यंत जातोय. आत्ता जाऊबाई ओढा ओलांडून आल्या, माझ्याशेजारी बसल्या, कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "पुष्पे, चहा टाक. ह्यांचं आज काय मिटत न्हाई."

मी आधण ठेवायला उठतेय. सावकाश ठेवणार आहे.

पुष्पा